किट लेन्सनंतर काय घ्यावं? चोर्ला, जांबोटी, आंबोलीच्या पावसात फोटो काढणाऱ्यांसाठी

जांबोटीरोड:
कॅमेरा कॅनन १५००डी. सोबत आलेल्या दोन लेन्स, १८-५५ आणि ५५-२५० (आयएस २). राहणं बेळगावात. विषय तीन. पहिला, पावसाळ्यातले बेडूक, साप, कीटक: जांबोटी, कणकुंबी, चोर्ला, जमलं तर आंबोली. दुसरा, हलशीची देवळं आणि बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती (जैन मंदिर). तिसरा, शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक आणि गणपती विसर्जन. हाताशी पंचवीस हजार आहेत, ताणून तीस. दुकानात सगळे १०० मिमी मॅक्रो (छोट्या गोष्टी जवळून मोठ्या काढणारी लेन्स) घ्या म्हणतात. तीच घ्यावी का? की कॅमेराच बदलावा?

घाटमाथा:
कॅमेरा बदलू नका. १०० मिमी मॅक्रोही लगेच नको. मॅक्रो लेन्स उत्तमच असते, पण तुमच्या पहिल्या विषयात अडचण लेन्सची नाही, उजेडाची आहे. जुलैत कणकुंबीच्या झाडीत दुपारी तीन वाजता सुद्धा एफ ८ ला (लेन्सचं भोक, म्हणजे अॅपर्चर, बरंच मिटवून) शटर १/३० सेकंदापेक्षा वेगवान ठेवता येत नाही. रात्री तर प्रश्नच नाही. म्हणजे फ्लॅश लागणारच. आणि फ्लॅश नीट बसला की आहे त्या ५५-२५० वर क्लोज-अप लेन्स (लेन्ससमोर लावायचं भिंग) लावून बरंच काम निघतं. म्हणून पैसे या क्रमानं घालवा: फ्लॅश आणि डिफ्यूजर (फ्लॅशचा उजेड पसरवून मऊ करणारा पडदा), क्लोज-अप लेन्स, सामान ओलाव्यापासून वाचवायला कोरडा डबा. उरले तर एक छोटी प्राइम (झूम नसलेली लेन्स).

आधी अंतराचं बोलू, कारण सापाच्या बाबतीत तो सुरक्षेचा प्रश्न आहे. तुमची ५५-२५० सेन्सरपासून १.१ मीटरवर फोकस होते आणि तिथं ०.३१ पट मोठेपणा देते (म्हणजे सेन्सरवरची प्रतिमा खऱ्या आकाराच्या ०.३१ पट). सेन्सर २२.३ मिमी रुंद, म्हणजे चौकटीत साधारण ७२ मिमी रुंदीची जागा भरते. वेटोळं घालून बसलेल्या चापड्याचं (हा विषारी साप) डोकं आणि पुढची दोन वळणं त्यात आरामात बसतात. चापड्यासाठी तुम्हाला आणखी काहीही घ्यायचं नाही. क्लोज-अप लेन्स लावून विषारी सापाच्या वीत-दीड वीत जवळ जायचं नाही, आणि फांदी वाकवून त्याला 'नीट' करायचं नाही.

बेडकांसाठी रेनॉक्सची क्लिपवाली क्लोज-अप लेन्स घ्या. ५२ ते ६७ मिमी फिल्टर मापाला क्लिप बसते, तुमचं माप ५८. सगळे डीसीआर-२५० सुचवतील. मी तुम्हाला डीसीआर-१५० सांगतो. कारण असं:

डीसीआर-२५० ही ८ डायॉप्टरची (डायॉप्टर म्हणजे भिंगाची शक्ती, चष्म्याच्या नंबरासारखी). लेन्स अनंतावर फोकस करून ही लावली की विषय सुमारे १२ सेंमीवर स्पष्ट दिसतो, झूम कितीही असो. २५० मिमीला मोठेपणा २ पट होतो, चौकटीत फक्त ११ मिमी. मुंगी, कोळ्याचे डोळे यांना ठीक. बुश फ्रॉग दोन-तीन सेंमीचा असतो, त्याला हे फार होतं.

डीसीआर-१५० ही ४.८ डायॉप्टरची. अंतर सुमारे २० सेंमी. १०० मिमीच्या आसपास झूम ठेवला की मोठेपणा अर्धा पट, चौकट ४५ मिमी रुंद. बुश फ्रॉग पान-फांदीसकट बसतो. २५० मिमीला १.२ पट, म्हणजे खऱ्या मॅक्रोइतकं. वर आठ सेंमी जादा अंतर मिळालं की डिफ्यूजरचा उजेड लेन्सच्या खालून-वरून जाऊन विषयावर नीट पडतो, आणि बेडूक उडी मारत नाही. मलबार ग्लायडिंग फ्रॉगसारखा मोठा बेडूक असेल तर क्लोज-अप काढून टाका, नुसती ५५-२५० बास.

वापरायची रीत: तुमच्या लेन्सवर अंतराच्या खुणा नाहीत. म्हणून आधी लांबच्या डोंगरावर नाही तर दिव्यावर ऑटोफोकस करा, मग लेन्सवरचं बटण एमएफ (हातानं फोकस) वर टाका, मग रेनॉक्स लावा. आता फोकस रिंगला हात लावायचा नाही. झूमनं चौकट ठरवा आणि अंग पुढं-मागं करून डोळा स्पष्ट करा. ही लेन्स फोकस करताना पुढचा भाग फिरवते, त्यामुळं रेनॉक्स लावून ऑटोफोकस चालू ठेवला तर छोट्या मोटरवर ताण येतो आणि फोकस शोधत बसते.

मार्कंडेय:
सहमत. पण एक्स्टेन्शन ट्यूबचं (कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये बसणारी पोकळ नळी) पण सांगा की. ५० मिमी एफ १.८ एसटीएम आणि ट्यूब हा जोड स्वस्त पडतो, आणि ती ५० मिमी मिरवणुकीला पण कामी येते.

घाटमाथा:
येते, खरं आहे. हिशोब सोपा आहे: ट्यूबची लांबी भागिले फोकल लेंग्थ, अधिक लेन्सचा स्वतःचा मोठेपणा. ५० एसटीएम स्वतः ०.२१ देते. २५ मिमी ट्यूब लावली की अर्धा पट वाढतो, एकूण ०.७. पण विषय लेन्सच्या तोंडापासून वीतभरही उरत नाही, आणि तुमची सावली त्याच्यावर पडते. शिवाय ट्यूब उजेड खाते, १:१ ला (एक पट मोठेपणाला) दोन स्टॉप, म्हणजे उजेड चौथा हिस्सा उरतो. समोर लावायची क्लोज-अप लेन्स उजेड खात नाही.

घेतलीच तर विजेचे संपर्क असलेलीच ट्यूब घ्या. बिनसंपर्काच्या ट्यूबवर कॅननची लेन्स पूर्ण उघडी राहते, निकॉनची जी प्रकारची लेन्स पूर्ण मिटते. दोन्हीकडं अॅपर्चर बदलता येत नाही. एफ १.८ ला मॅक्रो काढलं तर बेडकाच्या बुबुळाची एक कड तेवढी स्पष्ट येईल.

अनगोळकर:
फ्लॅश घेण्याआधी थांबा. १५००डी चा हॉटशू (वरची फ्लॅश बसवायची खाच) बघा. मधोमध एक मोठा गोल संपर्क असतो, त्यावर साधे मॅन्युअल फ्लॅश आणि स्वस्त ट्रिगर चालतात. कॅननच्या १५००डी, ३०००डी आणि २००डी मार्क २ या मॉडेलांमधून तो काढून टाकलाय. तुमच्या शूमध्ये तो नसला तर एकच संपर्क असलेला स्वस्त फ्लॅश उडणारच नाही. दुकानदार फ्लॅशच बिघडलाय समजून बदलून देत बसतो, दुसरा पण उडत नाही. कॅननसाठी बनवलेला ई-टीटीएल (कॅमेऱ्याशी जुळवून उजेड ठरवणारा) फ्लॅश घ्या (गोडॉक्सच्या मॉडेलच्या शेवटी 'सी' असतं), तो सुद्धा दुकानात स्वतःच्या कॅमेऱ्यावर लावून चार-पाच वेळा उडवून, मगच पैसे द्या.

जांबोटीरोड:
आत्ताच बघितलं, मधला संपर्क नाही! बरं झालं सांगितलात. डिफ्यूजर विकतचा घ्यावा की घरी करावा?

घाटमाथा:
घरी करा. विकतचे बहुतेक छोटे असतात. पावसाळ्यातल्या बेडकाची कातडी ओली असते, त्यामुळं छोटा उजेड पांढऱ्या टिकल्यांसारखा अंगभर चमकतो. उपाय एकच, उजेडाचं तोंड मोठं करायचं.

टीव्ही-फ्रिजच्या खोक्यात येतो तो पांढरा मऊ फोम, २ मिमी जाडीचा, ए४ कागदाएवढे दोन तुकडे. कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मागितला तर देतात. कागद किंवा कापड घेऊ नका, जांबोटीत अर्ध्या तासात लोळागोळा होतं. एक तुकडा फ्लॅशच्या तोंडाला वेल्क्रोनं लावून पुढं लेन्सच्या टोकापर्यंत कमानीसारखा वाकवा. दुसरा त्याच्याखाली, मध्ये तीन-चार सेंमी पोकळी ठेवून. ही पोकळी सोडू नका. दोन थर चिकटवले तर मधोमध प्रखर ठिपका तसाच राहतो, पोकळी असली की उजेड पसरून दुसऱ्या थरावर सारखा पडतो. वरची बाहेरची बाजू अॅल्युमिनियम फॉइलनं झाका, उजेड आभाळाकडं वाया जाणार नाही. फ्लॅशचं डोकं थोडं खाली झुकवा. पुढची कड लेन्सच्या टोकाच्या मागं राहिली तर विषयावर लेन्सचीच सावली पडते, तेवढं तपासा.

सुरुवातीची मापं: एम (मॅन्युअल) मोड, शटर १/१६०, एफ ११, आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ४००, फ्लॅशची शक्ती मॅन्युअल १/१६. काळं आलं तर फ्लॅश १/८. त्याच्या वर नेऊ नका, आयएसओ ८०० करा. कमी शक्तीवर फ्लॅशचा झोत फार थोडा वेळ टिकतो, हाताचा थरकाप त्यातच गोठतो आणि सेलही टिकतात. शटर १/२०० च्या पुढं नेऊ नका, फ्लॅशसाठी या कॅमेऱ्याची तीच मर्यादा आहे. पाठीमागचं रान अगदी काळं नको असेल आणि दिवस असेल, तर १/६० आणि आयएसओ ८०० वर या.

एफ ११ ला अर्ध्या पटीवर स्पष्टतेची खोली दीड-दोन मिमी. म्हणून डोळा आणि अंगाची बाजू सेन्सरला समांतर ठेवा. एफ १६ पर्यंत जायला हरकत नाही, एफ २२ ला सगळंच मऊ पडतं.

सेल साधे अल्कलाइन नकोत. रिचार्जेबल निकेल-मेटल हायड्राइड, चार आत आणि चार सुट्या पिशवीत. पावसात फ्लॅशचं सेलचं झाकण उघडताना आधी हात पुसा, आत मोठा व्होल्टेज असतो.

मार्कंडेय:
अवांतर, पण सांगितलंच पाहिजे. बेडकाला हात लावू नये, पान तोडून 'चांगल्या' जागी ठेवू नये, एका जीवावर पाच-सहा फ्लॅशच्या वर मारू नयेत. फोकससाठी टॉर्च मंद ठेवा. सापाची, घरट्याची नेमकी जागा फोटोसोबत टाकू नका, जीपीएस माहिती काढून टाका. खानापूर तालुक्यातलं भीमगड हे २०११ पासून अभयारण्य आहे, वनखात्याच्या परवानगीशिवाय आत जायचं नाही. त्याच्या आतल्या तळेवाडीपर्यंत रस्ता गेलाय म्हणून रान मोकळं आहे असं नाही.

टिळकवाडी३:
मिरवणुकीचं मी सांगतो. ५० मिमी तुमच्या कॅमेऱ्यावर जवळची पडते. तीन मीटरवरून जेमतेम १.३ मीटर रुंद जागा दिसते. गल्लीत गर्दीत तीन मीटर मागं सरायला जागा कुठं मिळते? चेहऱ्यांना छान, चित्ररथाला नाही. कॅननची ईएफ-एस २४ मिमी एफ २.८ बघा. तीन मीटरवरून २.८ मीटर दिसतं, वजन १२५ ग्रॅम, खिशात मावते. दोन्ही घ्यायला पैसे नसतील तर आधी २४. हलशीत पण चालेल.

शटरचं: आपली वीज ५० हर्ट्झची, दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. १/१०० किंवा १/५० ठेवलं तर प्रत्येक फोटोत उजेड सारखा येतो. १/५०० ला एक फोटो पिवळा, एक काळपट, असं होतं. एलईडी पडद्यांवर तर आडव्या पट्ट्याच दिसतात. म्हणून देखावा १/१०० ला काढा. ढोलाची काठी गोठवायची असेल तर हॅलोजनच्या उजेडात उभं राहा, तिथं १/५०० चालतं, आयएसओ ३२०० लागेल. रॉ (कॅमेऱ्याची कच्ची फाईल) मध्ये काढा, रंग नंतर सावरता येतो.

गुलाल असेल तिथं लेन्स बदलू नका, झूम पण कमीच करा. तुमच्या दोन्ही झूम लांब-आखूड होतात, म्हणजे दर वेळी हवा आत ओढतात, हवेबरोबर गुलाल. एकच प्राइम लावून जा. घरी आल्यावर आधी तोंड खाली करून ब्लोअर, मग मऊ कोरडा ब्रश, अगदी शेवटी कापड. गुलालावर ओलं कापड फिरवलं की तो रिंगच्या फटीत चिखल होऊन बसतो.

निपाणीकर:
हिडकल जलाशयाच्या काठचे पक्षी काढायचे तर ५५-२५० पुरेल का? १५०-६०० जुनी मिळते का बघतोय.

अनगोळकर:
पाण्याकडेला उघड्यावर पुरत नाही, ४०० तरी पाहिजे. सिग्माची १५०-६०० कंटेम्पररी १,९३० ग्रॅम आहे, हातात धरून दहा मिनिटांत खांदा भरतो. मोनोपॉडचा (एका पायाचा स्टँड) खर्च त्यातच धरा. उडत्या पक्ष्याला १/१६०० खाली नको. आणि सकाळी नऊनंतर पाण्यावर ऊन तापलं की हवा थरथरते, मग ६०० मिमीला लांबचा पक्षी कुठल्याही लेन्सनं मऊच येतो. लेन्सला दोष देण्याआधी जवळच्या दगडावर तपासा.

पुढं मिररलेस (आत आरसा नसलेला नवा कॅमेरा) घ्यायचा विचार असेल तर कॅननची आरएफ १००-४०० फार उपयोगी. ६३५ ग्रॅम, आणि ०.४१ पट मोठेपणा देते, म्हणजे फुलपाखरं आणि साप दोन्ही. पण टोकाला एफ ८ आहे. धरणावर चालेल, खानापूरच्या रानात धनेशासाठी उजेड कमी पडेल. कॅननच्या ईएफ लेन्स मिररलेसवर अॅडॅप्टर लावून पूर्ण चालतात, म्हणून आज घेतलेली प्राइम वाया जात नाही.

निकॉनवाल्यांनी जुनं घेताना दोन गोष्टी बघायच्या. एएफ-डी लेन्सना स्वतःची मोटर नसते, त्या डी३५००, डी५६०० वर हातानंच फोकस कराव्या लागतात. आणि एएफ-पी लेन्स डी९०, डी७००० सारख्या जुन्या कॅमेऱ्यांवर फोकसच होत नाहीत.

काचकप्पा:
आता ज्यात आपल्या भागातल्या सगळ्यात जास्त लेन्स मरतात त्याचं बोलू: बुरशी. खानापूर तालुक्यात जुलै-ऑगस्टमध्ये आठवडेच्या आठवडे घरातली आर्द्रता सुद्धा खाली येत नाही. ६०-६५ टक्क्यांच्या वर सतत राहिलं की काचेवर बुरशी धरते. आधी कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे, मग तिच्या आम्लानं कोटिंगच खाल्लं जातं. तेवढं झालं की बुरशी पुसली तरी डाग राहतो.

पाहिजे ४० ते ५० टक्के. ड्राय कॅबिनेट घेता आलं तर उत्तम. नाही तर रबराची कड असलेला, चारी बाजूंनी क्लिपा लागणारा १०-१५ लिटरचा प्लास्टिक डबा, २५०-३०० ग्रॅम सिलिका जेल सुती पिशव्यांत, आणि एक छोटा डिजिटल आर्द्रतामापक. मापकावर आंधळा भरवसा नको, आधी तपासा: बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन चार थेंब पाण्यानं ओलसर करा, विरघळवू नका. ते आणि मापक एका झिप पिशवीत रात्रभर बंद ठेवा. सकाळी ७५ दाखवलं पाहिजे. ८० दाखवलं तर कायम पाच वजा करा.

सिलिका निळी असेल तर ओलावा प्यायल्यावर गुलाबी होते. ११०-१२० अंशाला ओव्हनमध्ये दोन-तीन तास, पुन्हा निळी. जास्त तापवली तर रंग मरतो. निळ्या रंगात कोबाल्ट असतं, स्वयंपाकाच्या भांड्यात तापवू नका. केशरी-हिरवी मिळाली तर तीच घ्या. पूर्ण थंड झाल्यावरच डब्यात.

तांदूळ नको, पिठाची धूळ आत जाते. डांबराच्या गोळ्या, कापूर अजिबात नको, त्यांची वाफ काचेवर बसते. लेन्ससोबत आलेली चामड्याची किंवा कापडी पिशवी तिच्यात लेन्स ठेवायला वापरू नका, ती ओलावा धरून ठेवते. पावसातून आल्यावर ओली बॅग तशीच कपाटात टाकणं सगळ्यात वाईट. सामान बाहेर काढा, पुसा, पंख्याखाली दोन-तीन तास, मग डबा.

जुनी लेन्स घ्यायला कोल्हापूर, हुबळी, पुण्याला जाल तेव्हा मोबाईलचा टॉर्च वापरा. दोन्ही टोप्या काढा, मागच्या बाजूनं उजेड तिरपा मारा, समोरून बघा, हळूहळू फिरवत. धूळ चालते. धागे नको, दुधाळ पडदा नको. अॅपर्चरच्या पात्यांवर तेलाची चमक नको. मग कॅमेऱ्यावर लावून भिंतीला चिकटवलेल्या वर्तमानपत्राचा फोटो, पूर्ण उघड्या अॅपर्चरला. चारही कोपरे सारखे मऊ असतील तर लेन्सचा स्वभाव. एकच कोपरा वाईट असेल तर लेन्स पडलेली असू शकते, सोडून द्या. बुरशीवाली किट लेन्स दुरुस्त करत बसू नये, उघडून साफ करायचा खर्च तिच्या किमतीच्या जवळ जातो.

टिळकवाडी३:
देवळांचं राहिलं. कमल बस्ती (१२०४ सालची) पुरातत्त्व खात्याकडं आहे, ट्रायपॉडसाठी परवानगी लागते. छतावरच्या दगडी कमळासाठी त्याची गरजही नाही. कॅमेरा बॅगवर किंवा रुमालावर पाठीवर झोपवा, १८ मिमी, एफ ८, आयएसओ १००, दोन सेकंदांचा टायमर, स्टॅबिलायझर (हाताचा थरकाप सावरणारी सोय) बंद. १५००डी ला वायफाय आहे, मोबाईलवर चौकट बघून कॅमेरा बोटभर सरकवत कमळ बरोबर मध्ये आणा. मध्य चुकला तर फोटो गेला. एकदा फोकस झाला की एमएफ. दारातून ऊन येत असेल तर दोन स्टॉप कमी, बरोबर, दोन जास्त असे तीन फोटो घेऊन नंतर जोडा.

जांबोटीरोड:
ठरलं: ई-टीटीएल फ्लॅश, डीसीआर-१५०, डबा-सिलिका, आणि उरलेल्यात २४ मिमी. शेवटचा प्रश्न. चोर्ल्याला गाडीतून उतरलं की लेन्सवर धुकं येतं, पुसलं की पुन्हा येतं. उपाय?

काचकप्पा:
पुसू नका. एसीनं काच थंड झालेली असते, बाहेरची दमट हवा तिच्यावर पाणी होऊन बसते, आणि पुसत राहिलं तरी काच थंडच असते. घाट लागायच्या आधी वीस-तीस मिनिटं एसी बंद करा, काचा खाली घ्या. ते जमणार नसेल तर कॅमेरा लेन्ससकट झिप पिशवीत हवा काढून बंद ठेवा, उतरल्यावर पिशवी न उघडता अर्धा तास बाहेर राहू द्या. पाणी पिशवीच्या बाहेर बसेल. धुकं धरलेलं असताना लेन्स काढायची नाही, तीच हवा सेन्सरवर जाते. बॅटरी आणि कार्ड पण गाडीत बसूनच बदलून घ्या.

घाटमाथा:
आणि रेनॉक्स त्याच पिशवीत ठेवा. ती वेगळ्या खिशात थंड राहिली तर तिच्यावरच धुकं येतं, आणि फोटो मऊ आला की फोकस चुकला असं वाटत राहतं.